बंदोबस्तकाका

केंद्र सरकारात आयुष्यभर फायली सांभाळून निवृत्तीनंतर इंदिरापुरमला नाहीतर नोएडात फ्लॅट घेतलेल्या मराठी माणसांत एक तरी बंदोबस्तकाका असतातच. गणेशोत्सवात वर्गणीच्या पेटीला दुसरं कुलूप सुचवणारे ते हेच. आणि दोन्ही किल्ल्या एकाच माणसाकडे नकोत, हा ठरावही त्यांचाच.

घरात असेपर्यंत हे सोसवतं. पण हल्ली जावई लोक टेम्पो ट्रॅव्हलरचं केलेलं चालतं-फिरतं घर भाड्यानं घेतात. आत झोपायला पलंग, शेगडी, बेसिन, छोटा फ्रिज. आणि सासऱ्यांना म्हणतात, "बाबा, सिमल्याला चला." काकांना आयुष्याचं सार्थक वाटतं. घराला बाहेरून चोराची भीती असते. इथे कपबश्या आतूनच पळायला टपलेल्या!

आठवडाभर आधी काका चावडी बाजार गाठतात. हूक, कड्या, कोयंडे, स्प्रिंगचे पट्टे. बाकी दोऱ्या घरच्याच, म्हणजे एके काळी सरकारी. लाल फितीची उपयुक्तता या देशात कोणाला पटली असेल तर काकांना. पाच किलोच्या छोटू सिलिंडरला ते खालून, वरून आणि आडवा असे तीन पट्टे घालतात; तो बिचारा अपहरण झाल्यासारखा दिसतो. जड सामान खाली, हलकं वर, ताटांमध्ये जुने टॉवेल, लोणच्याची बरणी मोज्यात. यात चूक काहीच नाही, हीच खरी पंचाईत. काकांचं म्हणणं शास्त्राला धरून असतं.

"जावईबापू, ताशी ८० च्या वेगात गाडी धडकली, तर हा खलबत्ता किती जोरानं पुढे येईल? आठव्या मजल्यावरून खाली टाकावा तितक्या!" हिशेब बरोबर आहे. मात्र काका स्वतः आठव्या मजल्यावर राहत असल्यामुळे सोसायटीत खालून चालणारे तेव्हापासून वर बघून चालतात.

"पण खलबत्ता घ्यायचाच कशाला?" हा प्रश्न काकूंचा. तो गेली कित्येक वर्षं विचाराधीन आहे.

सामानाची सूची तीन प्रतींत निघते. एक काकांकडे, एक जावयाकडे, एक ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर हरियाणवी. तो कागद उलटसुलट करून म्हणतो, "अंकलजी, पहाड़ जा रहे हो या तबादला हो गया?"

गाडी ईस्टर्न पेरिफेरलवर लागते. बागपतजवळ यमुना येईपर्यंत काकूंना चहाची तल्लफ येते.

"अहो, गाळणं कुठंय?"

"तिसरा कप्पा. आधी पट्टा, मग कडी, मग कुलूप."

"किल्ली?"

"सुरक्षित आहे."

सुरक्षित म्हणजे काकांच्या बनियनच्या चोरखिशात. बनियनवर शर्ट, शर्टवर स्वेटर, स्वेटरवर सीटबेल्ट, आणि धावत्या गाडीत सीटबेल्ट सोडायचा नाही हा काकांचाच नियम. म्हणून चहा मुरथळच्या ढाब्यावर होतो. तिथेही सगळे एकदम उतरत नाहीत. काका दोन पाळ्या लावतात, आणि दुसऱ्या पाळीच्या वाट्याला येणाऱ्या पराठ्यावरचं पांढरं लोणी थिजलेलं असतं. पहिल्या पाळीत आपण होतो हे काका सूचीत नोंदवत नाहीत.

दिल्लीकर मराठी माणूस पानिपतवरून जाताना एक सुस्कारा टाकतो, ते त्याचं कर्तव्यच. बंदोबस्तकाका सुस्कारा टाकत नाहीत, कारण त्यांना कारण सापडलेलं आहे. भाऊसाहेब शूर होते, इब्राहिमखानाच्या तोफा चांगल्या होत्या, पण १४ जानेवारी १७६१ ला घात केला तो सामानानं. यात्रेकरू, बाजारबुणगे, बायकामुलं, तंबू, डेरे! इतका पसारा आणि त्याची कुठे सूची नाही, बांधाबांध नाही. अडीच महिने छावणीत अडकून उपाशी राहिले, रसद कोणत्या कप्प्यात होती कुणाला ठाऊक?

रसद आली नव्हती म्हणून उपाशी राहिले, हे जावई सांगू पाहतो. काका हात वर करून त्याला थांबवतात. सरकारी बैठकीत कनिष्ठांना थांबवायचे तसंच.

काकू तिसऱ्या कप्प्याच्या कुलपाकडे बघत म्हणतात, "मघाशी आपण बागपतला यमुना ओलांडली ना, तिथेच १७६० च्या ऑक्टोबरात अब्दालीनं ओलांडली होती. पूल नसताना. अख्खी फौज घेऊन. त्याला नाही किल्ल्या शोधाव्या लागल्या."

काका क्षणभर गप्प. मग चष्मा पुसतात.

"पलीकडे पोचल्यावर त्याचं काय काय कमी भरलं, याची कुठे नोंद आहे?"