नाईट चालू आहे हो त्यांची

स्वभावाला औषध नाही, असं मराठीत म्हणतात. भिलाईच्या पावर हाउस वस्तीतल्या बायकांना ते मान्य नाही. नवरा भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवतो, बेल वाजवणाऱ्याकडे खाऊ की गिळू असं बघतो, तेव्हा शेजारणीला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं, "नाईट चालू आहे हो त्यांची." शेजारीण मान डोलावते. गेल्या आठवड्यात तिच्याकडे होती.

याचं मूळ झोतभट्टीत आहे. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. भट्टीला रविवार नसतो. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षं चालवावी लागते, म्हणून माणसांनी पाळ्या लावून जागायचं. दिवसाची झोप मात्र रात्रीपेक्षा आखूड आणि कच्ची होते. शरीराचं घड्याळ सूर्याकडे बघून चालतं, हजेरीपटाकडे बघून नाही. त्यात भिलाईचा मे महिना, खडखडणारा कूलर आणि नेमका डोळा लागताना येणारा भंगारवाला. अशा वेळी संतसुद्धा खेकसेल.

गंमत अशी, की ही सवलत घरच्यांपुरतीच असते. आपला माणूस चिडला तर शिफ्ट, समोरच्या क्वार्टरमधला चिडला तर "माणूसच तिरसट." ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या खोडीला भारदस्त नाव दिलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना माणूस परिस्थिती विसरतो आणि थेट स्वभावावर बोट ठेवतो, असं त्याचं म्हणणं. सर्क्युलर मार्केटमध्ये कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच रुपयांवर अडून बसलेल्या बाईला पुढची बाई चिकट म्हणते आणि लगेच स्वतः चार रुपयांवर अडते. ती चिकट नसते. ती बघून खर्च करत असते.

त्यातून पावर हाउसमध्ये स्वभाव प्रांतवार वाटून दिलेले. कारखान्याबरोबर तेलुगू, बंगाली, मल्याळी, ओडिया, पंजाबी, बिहारी अशी सगळी मंडळी आली आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकेक चिठ्ठी लागली. मराठी माणूस चिठ्ठ्या लावण्यात पुढे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर १८५४ पर्यंत होता, त्यामुळे आपण इथे पाहुणे नसून जवळजवळ यजमान आहोत अशी त्याची समजूत. परवा गोंदियाहून आलेल्याचीसुद्धा.

तरी भारतीयांची बाजू अगदीच लंगडी नाही. मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांच्या उत्तरांची तुलना १९८४ साली प्रसिद्ध केली. एक किस्सा असा: मोटारसायकलला अपघात होतो, मागे बसलेला जखमी होतो, चालवणारा वकील त्याला इस्पितळात सोडून कोर्टात निघून जातो. अमेरिकनांनी वकिलाचा स्वभाव काढला. म्हैसूरकरांचा कल त्याची अडचण समजून घेण्याकडे होता. अशील वाट बघत असेल, कर्तव्य होतं. पावर हाउसमध्ये विचारलं असतं तर उत्तराआधी उलट प्रश्न आला असता, "वकील कुठला होता?"

परिस्थिती माणसाला किती भराभर फिरवते ते बघायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही, रायपूरकडची लोकल पुरते. स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत अनोळखी माणसांकडे सरळ जागा मागायला लावलं. कारण न देता मागितली तरी सुमारे ६८ टक्के लोक उठले किंवा सरकले. मागणाऱ्यांचे मात्र पाय लटपटले. खुद्द मिलग्रमच्या घशातून शब्द फुटेना.

पावर हाउस स्टेशनावर असा घसा कुणाचा बसत नाही. तिघांच्या बाकाशी चौथा येतो, "थोडा खिसकना भैया" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता अर्धं बूड टेकवतो. त्या क्षणी तो नम्रतेचा पुतळा असतो: माणसाने माणसाला सांभाळून घ्यावं, दोन स्टेशनांचा तर प्रश्न. चरोदा येईपर्यंत त्याचं पूर्ण बूड बसतं, पिशवी मांडीवरून बाकावर येते. कुम्हारीला पाचवा चढतो आणि तेच मागतो. चौथा त्याच्याकडे खालून वर बघतो, गुडघे थोडे आणखी फाकवतो आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो, "लोगों को जरा भी शरम नहीं."