रीसेटकाका

नेट गेलं की आधी कंपनीला फोन करायचा असतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्या इमारतीत रीसेटकाका राहत नसावेत. आमच्याकडे कंपनीचा नंबर सापडेपर्यंत दाराची बेल वाजलेली असते. मॅच रंगात आलेली असताना एखाद्या घरातून ‘अरे, अडकलं!’ असा आवाज जिन्यात आला, की काकांचे पाय आपोआप चपलांत शिरतात. आत आल्यावर काय झालं, कधीपासून झालं, दिवा कुठला पेटलाय, असली काही चौकशी नाही. चष्मा कपाळावर, नजर राउटरवर आणि उजवा हात आमच्या हिच्यापुढे पसरलेला.

‘‘वहिनी, पिन आहे का?’’

ज्यांनी आपला राउटर कधी पाठीमागून पाहिलेला नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो. त्या डब्याच्या मागे, तारांच्या गर्दीत एक बारीक भोक असतं. त्याच्या आत बटण दडलेलं असतं. डबा चालू असताना ते दहाएक सेकंद दाबून धरलं, की सगळे दिवे विझतात, पुन्हा पेटतात आणि कारखान्यातून निघताना होता तसा डबा कोरा होतो. तुम्ही ठेवलेलं नाव गेलं, पासवर्ड गेला, कंपनीच्या माणसाने भरलेली माहितीही बहुतेक वेळा गेली. बटण भोकात घातलंय ते कुणी उगाच दाबू नये म्हणून. काकांना ही तरतूद म्हणजे आव्हान वाटतं.

आणि पिन म्हणजे कुठलीही पिन नव्हे. कागदाला लावायची टाचणी वाकते. केसांची पिन जाड पडते. मोबाइलचं सिमकार्ड काढायची सुई उत्तम, पण ती ज्या खोक्यात असते ते खोकं माळ्यावर असतं. उदबत्तीची काडी आत मोडते. एकदा मोडलीही, आणि त्या घरातला राउटर गरम झाला की कित्येक दिवस चंदनाचा वास यायचा. साडीला लावायची मधल्या आकाराची सेफ्टी पिन, उघडून सरळ केलेली, हेच काकांच्या मते खरं हत्यार. काम झालं की विचारात गढून जाऊन ते ती पिन स्वतःच्या शर्टाच्या खिशाला लावतात आणि चालू पडतात. पूर्वी आमच्या इमारतीतल्या बायकांच्या बांगडीला दोन-तीन पिना हमखास अडकवलेल्या असायच्या. आता बांगड्या मोकळ्या आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी वाण म्हणून सेफ्टी पिनांची पाकिटं लुटली, तेव्हा न हसलेली बाई एकच, ती म्हणजे काकू.

रीसेट झाल्यावर खरा सोहळा सुरू होतो. राउटरच्या आतलं पान उघडायचं असतं. ‘‘एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, एक,’’ पूजेच्या संकल्पात गुरुजी देशकाल सांगतात त्या ठेक्यात काका आकडे म्हणतात. ‘‘नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड अ‍ॅडमिन.’’ हल्लीच्या बऱ्याच डब्यांना हा पासवर्ड चालत नाही. खरा पासवर्ड डब्याच्या पोटावरच्या लेबलवर इतक्या बारीक अक्षरांत छापलेला असतो, की तो वाचायला आठवीतलं पोर लागतं. मग घरच्या वायफायचा पासवर्ड ठरवायचा. तो काका खणखणीत आवाजात, दार सताड उघडं ठेवून वाचतात आणि जागच्या जागी निकालही देतात. ‘‘लेकीचं नाव आणि जन्मसाल? कच्चा!’’ ‘‘गाडीचा नंबर? कच्चा!’’ ‘‘मोठा जी, सात, डॉलर, लहान क्यू... हां, हा पक्का.’’ हा पक्का पासवर्ड घरातल्या कुणाच्या लक्षात राहत नाही. समोरच्या ब्लॉकमध्ये मात्र तो लिहून घेतलेला असतो.

मी एवढा वैतागून लिहितोय त्याचं कारण फायबर. पावसाच्या तोंडावर रस्ते खणायला घेतले की ती कुठेतरी तुटते आणि डब्यावरचा ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल होतो. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाश घरापर्यंत यायला हवा, तो येत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. प्रकाश गल्लीच्या तोंडाशी अडकला असताना घरातला डबा कितीदा कोरा केला तरी काय होणार? काका करतात. मग कंपनीचा पोरगा येतो, पाठीवरच्या पिशवीतून यंत्र काढतो, तंतूची दोन टोकं वितळवून एक करतो. लाल दिवा विझतो, शेजारचा हिरवा स्थिर होतो आणि नेट काही येत नाही. पोरगा डब्याकडे बघतो, मग आमच्याकडे बघतो.

‘‘रीसेट कोणी मारला?’’

घरातले सगळे पंख्याकडे बघतात. खिशाला पिन लावून उभे असलेले काकाही पंख्याकडेच बघतात.

उपाय शेवटी काकूंनी काढला. स्वतःच्या घरातल्या राउटरच्या भोकावर त्यांनी टिकली लावली. मोठी, मरून रंगाची. ‘‘काढून दाखवा,’’ एवढंच म्हणाल्या म्हणे. हे कळल्यावर महिन्याभरात इमारतीतले बहुतेक राउटर पाठीला टिकली लावून बसले. कंपनीच्या पोराला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून लावतात. त्याने शेजारच्या सोसायटीत तसं सांगितलं. आता तिकडेही लावतात.

काकांच्या बाजूनेही काही बोलायला हवं, म्हणून पापडांची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा घरून काम करतो. रात्री साडेआठला त्याची अमेरिकेशी मीटिंग असते आणि नेमका नऊच्या सुमाराला त्याचा चेहरा तोंड उघडं असताना थिजायचा. काकांनी आधी अर्थातच पिन मागितली. फरक पडला नाही. पुन्हा मागितली. मग एक दिवस ते त्या घरी रात्रीपर्यंत ठाण मांडून बसले, आणि पानं वाढायला घेतल्यावर आजी पापड भाजायला उठल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. आजी पापड मायक्रोवेव्हमध्ये भाजतात. मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर आणि वायफायचा जुना पट्टाही २.४ चाच. भट्टीची ताकद आठशे-हजार वॅट, राउटरची जेमतेम एका वॅटचा दहावा भाग. दाराच्या फटीतून जी काही कणभर गळती होते तीही राउटरला भारी पडते. काकांनी मुलाचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला. तो पट्टा वेगवान, पण भिंती ओलांडायला कच्चा, म्हणून मुलाचं टेबल बेडरूममधून उचलून हॉलमध्ये राउटरसमोर आणलं. ‘‘आजी, आता खुशाल भाजा!’’ हा शोध काकांनी पुढे जिन्यात, गच्चीवर, भाजीवाल्यापाशी इतक्यांदा सांगितला, की आजी हल्ली पापड गॅसवरच भाजतात.

या विजयाने चढलेले काका वार्षिक सर्वसाधारण सभेत तक्ता घेऊन आले. स्केचपेनने रंगवलेला. म्हणाले, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५ साली परवान्यातून मोकळा केला, म्हणून आपण सगळे विनापरवाना वायफाय वापरतो. पण मोकळं म्हणजे मोकाट नव्हे. आपल्या देशात या पट्ट्यात तेरा चॅनेल आहेत. शेजारशेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. एकमेकांना अजिबात न भिडणारे तीनच निघतात : एक, सहा आणि अकरा. आपल्या इमारतीत जो तो सहावर बसलाय आणि वर ‘कंपनी चोर आहे’ म्हणतोय. तेव्हा तळमजल्याने एक घ्यावा, पहिल्याने सहा, दुसऱ्याने अकरा आणि तिसऱ्याने पुन्हा एक. तळमजला आणि तिसरा यांच्यामध्ये तीन स्लॅब आहेत, त्यांचा एकमेकांना त्रास होणार नाही.

योजना बिनचूक होती. तांत्रिकदृष्ट्या तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे सभेने बाकीच्या सगळ्या ठिकाणी बोट ठेवलं. तळमजल्याला पहिला नंबर का, पाणीही आधी त्यांनाच येतं, असं पहिल्या मजल्याचं म्हणणं पडलं. दुसऱ्या मजल्याला अकरा आणि पहिल्याला नुसते सहा, हा कुठला न्याय? ‘‘आम्हाला पुन्हा एक म्हणजे काय, तळमजल्याने वापरलेला?’’ तिसरा मजला उठून उभा राहिला. भाडेकरूंना चॅनेल द्यायचा की नाही, द्यायचा तर मालकाचं ना-हरकत पत्र घ्यावं का, असा मुद्दा निघाला. पार्किंगसारख्या चिठ्ठ्या टाका, असं एकाने सुचवलं. त्याला स्वतःला पार्किंग चिठ्ठीतच मिळालं होतं. चॅनेलचा आकार देखभाल खर्चात धरायचा का, हे खजिनदारांनी फार गांभीर्याने विचारलं. शेवटी विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला आणि वडे आले. तो तक्ता नोटीस बोर्डावर पाण्याच्या वेळापत्रकाखाली अजून लटकतोय.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. हे मला फार उशिरा कळलं, आणि ते कळल्यापासून पिनेचा राग पूर्वीइतका येत नाही, हे नाइलाजाने सांगतो. त्या खात्याचा एक नियम आहे. तार तुटली, वीज गेली, कुठे काही अडकलं, तर सिग्नल लालच व्हायला हवा. गाड्या खोळंबल्या तरी चालेल, पण शंकेचा हिरवा दाखवायचा नाही. आधी सगळं लाल, मग पहिल्यापासून तपासत तपासत हिरवा. डोंबिवलीच्या फलाटावर पावसात ताटकळताना आम्ही ज्या अज्ञात माणसांच्या नावाने बोटं मोडली, त्यांच्यात हे असणारच. रात्री-बेरात्री रुळांवर टॉर्च घेऊन उतरणारा हा माणूस. निवृत्तीनंतर त्याच्या हाताला लाल करण्यासारखं काही उरलं नाही. मग घराघरातून हे दिव्यांचे डबे आले.

तळमजल्यावर एक मास्तर राहत. त्यांच्या वायफायचं नाव होतं ‘अभ्यासाला बस’. रोमन अक्षरांत टाइप केलेलं. इमारतीतली पोरं जिन्यात बसून फुकट नेट शोधायला लागली, की यादीत सगळ्यात वर, पूर्ण कांड्यांनिशी तेच. मास्तर गेल्या वर्षी गेले. नाव राहिलं, कारण डबा चालू होता.

मध्यंतरी कंपनीने जुने डबे बदलायला काढले. पोरगा नवा डबा घेऊन मास्तरांच्या घरी, त्यांच्या बायकोकडे म्हणजे मावशींकडे आला. मावशींना ना वायफायचा पासवर्ड ठाऊक, ना राउटरच्या पानाचा. दोन्ही मास्तरांनी ठेवलेले. ‘‘टेन्शन नाही मावशी,’’ पोरगा म्हणाला, ‘‘नवीन नाव टाकू, नवीन पासवर्ड, पाच मिनिटांत चालू.’’ काका तिथे होतेच. मीही दारात उभा होतो, आमच्या डब्याचा नंबर कधी लागणार ते विचारायला. पोराने जुना डबा उलटा केला, त्याच्या मागे टिकली नव्हती. ‘‘काका, हा परत न्यायचाय. घ्या, तुम्हीच रीसेट मारा,’’ असं म्हणून त्याने चक्क खिशातली सुई पुढे केली.

‘‘हात लावू नकोस त्याला,’’ काका म्हणाले.

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे बघितलं, सवयीने.

काकांनी मावशींचा मोबाइल मागितला. तो त्या वायफायला जोडलेला होताच. सेटिंगमध्ये जाऊन ‘शेअर’ दाबलं, की ठिपक्यांचा चौकोन येतो आणि त्याच्याखाली पासवर्ड दिसतो. मग नव्या डब्यात नाव भरायला घेतलं. कॅपिटल अक्षर जिथे होतं तिथेच, दोन शब्दांमधली मोकळी जागा तेवढीच. सुरक्षेचा प्रकार जुनाच. नाव आणि पासवर्ड तंतोतंत जुळले, की घरातल्या यंत्रांना डबा बदलल्याचा पत्ताही लागत नाही. टीव्ही लागतो, सुट्टीत आलेल्या नातवंडांचे फोन काही न विचारता जोडले जातात. या कामाला तासभर लागला. पोराला पुढच्या चार घरांत जायचं होतं, पण तो गेला नाही.

पासवर्ड मात्र काकांनी मोठ्याने वाचला नाही. ‘‘काय ठेवला होता हो ह्यांनी?’’ मावशींनी विचारलं, तेव्हा त्यांनी मोबाइल मावशींच्या हातात दिला आणि पोराला घेऊन बाहेर आले.

जिन्यात मी न राहवून विचारलं, ‘‘काका, काय होता पासवर्ड?’’

‘‘पक्का होता.’’ दोन पायऱ्या चढून ते थांबले. ‘‘नवा डबा आल्या आल्या आपणहून सहावर जाऊन बसला होता. तळमजल्याला एक ठरलाय ना? एक केला.’’

मी म्हटलं, ठरलं कुठे, विषय तहकूब आहे.

‘‘तहकूब सेक्रेटरीच्या वहीत,’’ काका म्हणाले. ‘‘तुमचा मजला दुसरा. घरी आहात ना आत्ता?’’