शनिवारची कोंडी

अमेरिकेत विद्यापीठाचा फुटबॉल सामना असला, की गाव टम्म फुगतं. नेब्रास्कातले लोक अभिमानाने सांगतात, लिंकनचं स्टेडियम भरलं की ते राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं. या शहराला रस्ते किती, ते मात्र कुणी विचारू नये. मिशिगनमधल्या ॲन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या घरात, आणि स्टेडियमची क्षमता १,०७,६०१! एरवी हिरवळीवर पाय पडला तरी कपाळाला आठ्या घालणारे घरमालक त्या दिवशी तिच्यावर गाड्या उभ्या करून घेतात. डॉलर मोजून, अर्थात. कोंडी नको म्हणून मंडळी सकाळीच येतात. मग कोंडीही सकाळीच येते. डिकी उघडून, शेगड्या पेटवून सगळे खात बसतात.

नॉक्सव्हिलचा समालोचक जॉर्ज मूनी खरा शहाणा. १९६२ साली रस्त्याची कटकट टाळायला तो टेनेसी नदीतून छोट्या बोटीने थेट स्टेडियमपाशी उतरला. दुर्दैवाने लोकांनी ते पाहिलं. आता सामन्याला तिथे बोटींचा तांडाच लोटतो. काहीजण जागा धरायला कित्येक दिवस आधी हजर. बोटीला बोट बांधलेली. मागच्याला काठावर यायचं, तर पुढच्यांच्या बोटी ओलांडत, ‘एक्सक्यूज मी’ म्हणत.