घरगुती कॉफी-उपकरणांची निवड व तदनुषंगिक खर्च : यवतमाळ जिल्ह्यापुरते विवेचन

घरी कॉफी करण्याच्या उपकरणाची निवड करण्यापूर्वी ते कोणासाठी घ्यावयाचे आहे हे निश्चित करावे लागते. कारण यवतमाळ जिल्ह्यात, जिथे सकाळ, दुपार, पाहुणा, सौदा आणि सांत्वन या सर्वांची सोय चहाने पूर्वीच लावून दिलेली आहे, तिथे अशा उपकरणांची मागणी मुख्यतः एकाच वर्गाकडून येते, आणि तो वर्ग म्हणजे पुण्यात नोकरीला लागून दिवाळीला रात्रभराच्या ट्रॅव्हल्सने घरी येणारा मुलगा होय. या संज्ञेत मुलीचाही समावेश होतो, मात्र मुली सामान कमी आणतात. हा मुलगा आईच्या हातचा चहा नाकारीत नाही, पण तो पिताना त्याच्या चेहऱ्यावर जी सहनशीलता उमटते, तिच्यातूनच पुढील सर्व खर्चाचा उगम होतो.

उपकरणांत अग्रमान एस्प्रेसो यंत्राचा. एस्प्रेसो म्हणजे अतिशय बारीक दळलेल्या कॉफीतून सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी पंचवीस-तीस सेकंदांत ढकलून काढलेला अर्क. बार हे दाबाचे माप असून घरातला कुकर शिट्टी देतो तेव्हा त्याच्या आत बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक बार दाब अधिक असतो. खोक्यावर १५ बार असे ठळक छापलेले आढळते, परंतु कॉफीला ९ पुरतात. उरलेले ६ हे ग्राहकासाठी असतात. ही यंत्रे साधारणतः आठ-दहा हजार रुपयांपासून सुरू होऊन लाखाच्या पुढे जातात, हजार वॉटहून अधिक वीज खातात, आणि ज्या इन्व्हर्टरवर वीज गेल्यावर दोन पंखे व एक दिवा कसाबसा चालतो त्यावर ती चालत नाहीत. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना घरातला जाड पिनेचा एकमेव प्लग कूलरकडून काढून कॉफीला देण्याचा प्रस्ताव कोणत्याही सुज्ञ व्यक्तीने मांडू नये. शिवाय यंत्रातून निघणारा अर्क तीसेक मिलिलिटर भरतो. ज्या वडिलांनी एस्प्रेसो हा पदार्थ लग्नाच्या मंडपात, वाफेच्या नळीने दूध फुसफुसवून वर चॉकलेटची पूड भुरभुरलेल्या रूपात ओळखला आहे, ते हा कप हातात घेऊन बाकीची कॉफी कुठे आहे असे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे.

खर्चाचा हिशेब दर कपामागे करावा. बारा हजारांचे यंत्र तीन वर्षे टिकले, मुलगा वर्षातून दिवाळीचे पाच आणि पोळ्याचे तीन दिवस घरी राहिला व रोज दोन कप प्याला, तर एकंदर ४८ कप होतात आणि दर कपाला अडीचशे रुपये पडतात. यात दूध, साखर, बिया आणि समोरच्याने केलेली स्तुती धरलेली नाही.

येथे एक गोष्ट गांभीर्याने नोंदवणे आवश्यक आहे, ती म्हणजे पैसे यंत्रावर नव्हे तर ग्राइंडरवर घालावेत. मिक्सरची पाती बिया कापतात, दळत नाहीत. त्यामुळे निम्मी पूड पिठासारखी आणि निम्मी भरड राहते, पिठातून कडूपणा उतरतो, भरडीतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. बर ग्राइंडर, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये किंवा शंकूंमध्ये बिया चिरडणारे छोटे जाते, एकसारखी पूड देते. हाताने फिरवायचे बरे जाते दोन-तीन हजारांत मिळते. जात्यावर आयुष्य काढलेल्या आजीसमोर ते फिरवताना मुलाने थकल्याचे दाखवू नये. दळलेली कॉफी उन्हाळ्यात फार लवकर वास सोडते, म्हणून लागेल तेवढीच दळावी. बिया चिकमंगळूरहून मागवण्याची प्रथा असली तरी विदर्भातच, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत, हे पुण्याहून आलेल्यास सांगितल्यास तो काही काळ गप्प राहतो.

गाळण्याच्या कागदाचे प्रकरण विशेष खेदजनक आहे. १९०८ साली जर्मनीत मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टिपकागद वापरून कॉफी गाळली, आणि तेव्हापासून गाळण्याचा कागद हा एक स्वतंत्र खर्च झाला. कागद कॉफीतले तेल अडवतो, त्यामुळे अर्क स्वच्छ व हलका उतरतो, हे खरे; परंतु पांढऱ्या सोन्याच्या जिल्ह्यात, जिथे कापसाच्या भावावर घरोघरी वर्षाचे गणित बसते किंवा फसते, तिथे जपानी कागद कुरिअरने मागवणे हा शेतकऱ्याचा अपमान मानावा लागेल. सुती कापडाची गाळणी हेच काम करते, दहा-वीस रुपयांत होते. ती साबणाने धुवू नये, नुसत्या गरम पाण्याने धुऊन वाळवावी, एवढेच पथ्य.

मोका पॉट, म्हणजे खालच्या कप्प्यातले पाणी वाफेच्या दाबाने कॉफीतून वर चढवणारे १९३३ सालचे इटालियन भांडे, गॅसवर चालते म्हणून येथे शोभते. पाणी झडपेच्या खाली ठेवावे, पूड दाबू नये, गुरगुर सुरू होताच उतरवावे. अ‍ॅल्युमिनियमचे असल्यास ते इंडक्शनवर तापत नाही, आणि लहान असल्यास शेगडीच्या जाळीवर उभे राहत नाही. फ्रेंच प्रेसचे काचेचे भांडे फुटते.

पाण्याविषयी विस्ताराने लिहिता आले असते. जड पाण्याने यंत्रात खार धरतो, तो सायट्रिक आम्लाने काढावा लागतो, इत्यादी. परंतु पांढरकवडा व झरी जामणीकडच्या ज्या गावांत भूजलात फ्लोराइड आहे, आणि जे उकळूनही जात नाही, तिथे पाणी कॉफीसाठी योग्य आहे का असे विचारणे बरे दिसत नाही. आधी ते पिण्यास योग्य मिळू द्यावे.

सर्व बाजूंनी विचार करता दक्षिणी फिल्टर स्वीकारावा. वरच्या सच्छिद्र डब्यात पूड, तिच्यावर उकळते पाणी, आणि वीस मिनिटांनी खालच्या डब्यात दाट डिकॉक्शन; स्टीलचा तीन-चारशे रुपयांत येतो, वीज मागत नाही, आणि बिघडण्यासारखे त्यात काही नाही. चिकोरी किती घ्यावी यावर वाद न घालता वीस टक्क्यांवर थांबावे. आईने गंजात दूध तापवून, जायफळ किसून त्यात हे डिकॉक्शन ओतल्यास मुलाने शास्त्र काढू नये, कारण ती कॉफी चांगली लागते. उपकरण कोणतेही असो, पहिल्याच सकाळी “अन् हे धुवाले कोण येते?” हा प्रश्न येतो, त्याचे उत्तर खरेदीपूर्वी ठरवावे.

यंत्र तरीही येतेच. ते खोक्यासकट दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी राहते. मुलगा वडिलांना त्याची किंमत निम्मी सांगतो, वडील येणाऱ्याजाणाऱ्याला दुप्पट सांगतात, आणि अशा रीतीने मोहल्ल्यात यंत्राची नेमकी खरी किंमत प्रचलित होते.