कोकराचा कुलवृत्तांत

बंगळुरूला देवनहळ्ळीच्या विमानतळावर परदेशी चामड्याचा खोका उतरला, की आपल्या सीमाशुल्क कायद्याची थोरवी कळते. माणसाला तिथे फक्त पासपोर्ट विचारतात. कातड्याला कूळ विचारतात.

सीमाशुल्काच्या दरसूचीत लव काढलेलं कातडं ४१ व्या प्रकरणात, लवेसकट असेल तर ४३ व्या, फरच्या. अपवाद गाय, म्हैस, घोडा, उंट, हरीण आणि कुत्रा यांचा. त्यांची कच्ची कातडी केसांसकट ४१ मध्येच राहतात. मांजराला ही सवलत नाही. साधं कोकरूही ४१ चंच, पण ते इराणी, चिनी किंवा तिबेटी निघालं की थेट ४३ मध्ये बढती. या मानकऱ्यांत ‘भारतीय कोकरू’ही आहे. भारतात आयात होणारं भारतीय कोकरू! दूरदृष्टी म्हणतात ती हीच. (याच राज्यात २०२० साली परोटा पोळीच्या जातीचा नाही असं ठरून त्याला १८ टक्के जीएसटी लागला होता, परंपरा जुनी आहे.)

२०२५ च्या अर्थसंकल्पात ‘वेट ब्लू’, म्हणजे क्रोमने कमावलेल्या ओल्या चामड्यावरचं मूळ सीमाशुल्क माफ झालं. कमावलेलं चामडं ओलं असेल तर एक उपशीर्षक, वाळलं तर दुसरं. तेव्हा प्रत्येक खोक्याला हवामान खात्याचा दाखला हवाच. कोकरासोबत गावच्या तलाठ्याकडची वंशावळ, तिचा कानडी तर्जुमा तीन प्रतींत.

एक कातडं मात्र कुठल्याच प्रकरणात सापडलं नाही. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकताना जो तो बचावतो, ते. त्याची आयात करावी लागत नाही.