सगळं चाललंय

नाताळाच्या दोन दिवस आधी अमेरिकेतल्या एडिसनहून पुतण्याचं पत्र आलं. आलं व्हॉट्सअ‍ॅपवर, पण वर 'प्रिय आप्तेष्ट' असा मायना होता, मधे 2024 या सबंध सालाचा वृत्तान्त होता आणि खाली पाच सह्या होत्या, म्हणजे पत्रच. पाचवी सही कुत्र्याची. पंजाचा ठसा. सोबत फोटो होता, त्यात पाचही जणांच्या अंगात एकाच लोकरीचे लाल स्वेटर.

माय अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला वाचून दाखवायला लागलो. थोरली शाळेत हुशार मुलांच्या खास वर्गात गेली. धाकट्याला पोहण्यात पदक मिळालं. सूनबाई एकवीस किलोमीटर पळाली.

"कुणी मागं लागलं होतं का?" मायनं विचारलं.

कुत्रा आज्ञापालनाची परीक्षा पास झाला. इथं मायचा हात थांबला. "कुत्रं शाळंत जायलंय?" म्हणत तिनं माजघराकडं पाहिलं. तिथं आमचे चिरंजीव स्पर्धा परीक्षेचं पुस्तक तोंडावर घेऊन झोपले होते. झोपेचं हे तिसरं वर्ष.

पुतण्यानं स्वतःविषयी एकच वाक्य लिहिलं होतं: यंदा मुलांना भरपूर वेळ देता आला. मग शुभेच्छा, आणि ताजा कलम माझ्या नावानं. काका, तुम्ही तीस वर्षं मराठी शिकवलंत, अर्धापूरचंही असं एक पत्र लिहा, मी इकडच्या सगळ्यांना पाठवतो.

ही तिकडची रीत. नाताळाच्या कार्डाबरोबर घरातल्या वर्षभराच्या बातम्या एकदाच लिहायच्या आणि त्यांच्या नकला सगळ्यांना धाडायच्या. कार्डाचीही मौज आहे. 1840 साली विलायतेत एका पेनीत पत्र जायची सोय झाली आणि लोक सुटले लिहीत. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांपुढं उत्तराविना पडलेल्या पत्रांचा ढीग झाला. तेव्हा त्यांनी 1843 मध्ये हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं, हजारभर छापलं आणि उरलेली शिलिंगाला एक अशी विकली. चित्रात सगळं कुटुंब वाइन पितंय, त्यात एक लेकरूही. दारूबंदीवाले खवळले. सांगायचं म्हणजे, पहिलं नाताळकार्ड जिव्हाळ्यातून जन्मलं नाही, उत्तरं लिहायच्या कंटाळ्यातून जन्मलं. त्यामुळं मला ते फार जवळचं वाटतं.

आमच्या वडिलांनी हा प्रश्न कार्ड न छापताच सोडवला होता. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर ते लिहीत: इकडील सर्व क्षेमकुशल, तुमचेकडील कळवावे. ज्या वर्षी विहीर ढासळली त्या वर्षीही इकडील सर्व क्षेमकुशलच होतं. खरी बातमी एकाच प्रकारच्या कार्डात असायची, कोपरा फाडलेल्या. ते उंबऱ्याबाहेर वाचून तिथंच फाडून टाकायचं. मधल्या बातम्यांसाठी टपालखात्याकडं सोय नव्हती.

तरी मी बसलो लिहायला. मास्तर माणूस, विषय मिळाला की हात शिवशिवतो. पहिलंच वाक्य झोकात उतरलं: 'यंदा केळीला भाव चांगला मिळाला.' अर्धापूरच्या माणसानं वर्षाची सुरुवात दुसरी कशानं करावी? आमच्याकडं पंचांग भिंतीवर असतं आणि वर्ष बागेत असतं. बेणं लावल्यापासून घड उतरेपर्यंत वर्ष जातं. इसापूर धरणाचं पाणी कालव्याला आलं की आमचा पाडवा, व्यापाऱ्याचा ट्रक बांधाला लागला की दिवाळी.

बायकोनं खांद्यावरून वाचलं. "भाव कामून लिवायलाव? दिष्ट लागती."

"तो अमेरिकेत आहे."

"दिष्टीला व्हिसा लागत नाई."

मग धाकटा भाऊ आला. त्यानं वाक्य दोनदा वाचलं आणि दार लोटून घेतलं. "दादा, सातबाऱ्यावर त्याचंबी नाव हाय." हे मात्र मी विसरलो होतो. थोरले बंधू गेल्यापासून पुतण्या आमचा हिस्सेदार आहे. त्यानं आजवर एक रुपया मागितला नाही, पण त्याला कुणी भावही सांगितला नाही. या दोन गोष्टींचा काही संबंध असावा, असं त्या दिवशी प्रथमच मनात आलं.

भाव खोडला. मग वाईट बातम्या घेतल्या. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत नांदेडवर आभाळ फाटलं, बागेत गुडघाभर पाणी थांबलं, वाऱ्यानं घडासकट खोडं आडवी केली. हे लिहिताना भाषेला जरा धार आली होती. भाऊ म्हणाला, "हे ठिवा. पण किती पडली ते लिवू नका. पंचनाम्यात आकडा येगळा हाय." मायचे गुडघे लिहिले तर बायको म्हणाली, तो उगीच घोर करील. चिरंजिवांची मोडलेली सोयरीक लिहिली तर सगळेच अंगावर आले. लग्नाचं पोरगं आहे घरात, असं लिहितात का?

तेव्हा ध्यानात आलं की असं पत्र आमच्याकडं अगोदरपासून आहे. त्याला बायोडाटा म्हणतात. वर गणपती, कडेला फोटो, आणि खाली निवडक आनंद: शिक्षण बी.ए., शेती सहा एकर बागायत, स्वभाव मनमिळाऊ. त्यात कुणाचे गुडघे नसतात, पंचनामा नसतो आणि हिस्सेदार तर मुळीच नसतात. सहा एकरांतले चार पुतण्या आणि धाकटा भाऊ यांचे आहेत, पण फोटोतला मुलगा एकटाच सहा एकरांसमोर हात बांधून उभा आहे. फरक इतकाच, की बायोडाटा खरा मानायची पद्धत नाही. मुलीकडचे लोक तो हातात घेऊन आधी आमच्या शेजाऱ्याकडं चहा पितात.

पत्र तीन दिवसांत मायन्यावर आलं. माय मात्र रोज एकच विचारायची, "त्या पोराला फोन लावलास का? समदं चांगलं लिवलंय त्यानं."

"मग चांगलंच आहे ना!"

"समदं कुणाचं चांगलं असतंय रे?"

मी 'लावतो' म्हणायचो.

एवढ्यात 30 तारखेला येळवस आली. दर्शवेळ अमावास्या. माझी सासुरवाडी अहमदपूरकडची, त्यामुळं हे जावयाचं हक्काचं जेवण. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप करतात, तिच्यात पांडव मांडून पुजतात, आणि मग आल्या-गेल्याला, वाटसरूलासुद्धा, ओढून पंगतीला बसवतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आणि माठातली आंबील. ती आंबील दोन तांबे घेतल्यावर माणूस झाडाखाली आडवा होतो आणि मग वर्षाच्या बातम्या निघतात. ही आमची नाताळाची पत्रं. 2000 साली तर येळवस नेमकी 25 डिसेंबरलाच आली होती. तेव्हा मी नवा जावई होतो, आंबील बेतानं प्यायचो.

या पत्रव्यवहारात शब्द एकच असतो. "कसं काय?" "चाललंय." बाहेरच्याला वाटेल, यांना काही सांगायचं नाही. पण त्या एका शब्दात अख्खा जमाखर्च असतो, कान तयार पाहिजे. 'चाललंय' हे तुटक आणि नजर दुसरीकडं, म्हणजे सोयाबीन चांगलं विकलंय, उसने मागू नका. 'चाल्लंय की!' असं हसून, म्हणजे पोरीचं जमलंय, तारीख धरायची आहे. 'चाललंय म्हणायचं' म्हणजे सोसायटीचं कर्ज थकलंय. आणि एक चौथं असतं. आधी थोडं थांबतात, मग लांबवून म्हणतात, 'चाल...लंय.' ते ऐकलं की विचारणारा पुढं काही विचारत नाही. ताटात आणखी एक उंडा घालतो. माझ्या थोरल्या साडूंनी दोन वर्षांपूर्वी ते चौथं म्हटलं होतं, तेव्हा त्यांना सहा उंडे खावे लागले.

रात्री आठच्या सुमारास अर्धापूरला पोचलो. माय जागीच. "आता लाव." तिकडं सोमवारचे सकाळचे साडेनऊ. म्हटलं, कामावर असेल, उचलणार नाही. पहिल्याच रिंगला उचलला. मागं कुत्रा भुंकत होता.

मायनं फोन हातात घेतला. कानाला उलटा लावला, मी सुलटा केला. तब्येत, थंडी, लेकरं, काही नाही. एकदम म्हणाली, "कसं हाय रे बाळा?"

तिकडून काही आलं नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग आलं. "चाल...लंय, आजी."

एवढी वर्षं एडिसनला राहून उच्चार मात्र अस्सल अर्धापुरी.

मायनं माझ्याकडं पाहिलं. शेंगा सोलणाऱ्या बाईच्या त्या नजरेपुढं माझी तीस वर्षांची मास्तरकी फुकट होती. मुलांना भरपूर वेळ देता आला! कर्त्या माणसाला मार्चपासून डिसेंबरपर्यंत भरपूर वेळ कधी असतो, हे मला, मराठीच्या मास्तराला, वाचता आलं नव्हतं. मार्चपासून, असं त्यानं मग सांगितलं. आणखी बरंच सांगितलं. पळणाऱ्या सूनबाईच्याच पगारावर घर पळतंय, हेही. कुत्रा मात्र खरोखरच पास झाला होता.

पाऊण तासानं मायनं फोन माझ्यापुढं धरला. "त्याला केळीचा भाव सांग."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. धाकटा भाऊ ओसरीवर होता. दोघांनीही काही ऐकलं नाही असं दाखवलं.

मी भाव सांगितला. क्विंटलमागं दोनशे कमी सांगितला, दृष्टीपुरता.