समुद्र कुणी पाहिला?

जानेवारी २०२४मध्ये मायामीहून निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर २० मजले, ७ पोहण्याचे तलाव आणि जहाज गच्च भरलं तर ७,६०० प्रवासी. चहूकडे पाणीच पाणी असताना तलाव कशाला, हे विचारायचं नाही. काही खोल्यांच्या बाल्कन्या तर आतल्या बागेकडे उघडतात. म्हणजे समुद्रावर जाऊन समुद्र न पाहण्याची सोय, तीही रोख मोजून. असल्या तरंगत्या शहरांत बाबा पहाटेच उठून आरामखुर्चीवर टॉवेल टाकतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची आपली विद्या अशी कॅरिबियनपर्यंत पोचली! आई बुफेच्या रांगेत (शाकाहारी काय, हे विचारून पुन्हा शेवटी उभी), मुलं घसरगुंडीच्या, आजी लिफ्टच्या. सगळं कुटुंब एकत्र येतं ते फोटोपुरतं. त्याचे पैसे वेगळे.